कानात गाणी, पुढ्यात राज्यघटना: काय ऐकावं आणि कुठे बसावं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी पुण्याच्या नारायण पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून) राहते, राज्यसेवेची तयारी करते आणि खर्चाला हातभार म्हणून सकाळी काही तास खोलीवरूनच डेटा एन्ट्रीचं काम करते. दोन्ही वेळेला कानात इअरफोन. कधी हिंदी गाणी, कधी नुसतं वाद्यसंगीत. रूममेट म्हणते, गाण्याने लक्ष उडतं. हिचा अनुभव उलटा: गाणं नसलं तर बसवतच नाही. त्यात आता अभ्यासिका बदलायची आहे. एक एसीची आणि महाग, दुसरी सगळ्यात वरच्या मजल्यावर पत्र्याखाली आणि स्वस्त. गाणी चालू ठेवू का, आणि बसू कुठे?

कारखाने, ऑफिसं आणि अलीकडे अभ्यासिका अशा जागांमध्ये माणसांचं काम कसं होतं, कशाने बिघडतं, हे बघून सल्ला देणं हाच माझा व्यवसाय आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. डेटा एन्ट्रीला गाणी खुशाल लावा. वाचून समजून घ्यायचं असेल किंवा पाठ करायचं असेल तेव्हा शब्द असलेली गाणी बंद. पत्र्याखालची अभ्यासिका नको, पण एसीवालीचेही पैसे तिथली हवा बघितल्याशिवाय भरू नका. आता यामागचं कारण सांगते. ते पटलं नाही तर आठवड्याभरात इअरफोन परत कानात जाणार, हे मला माहीत आहे.

तुम्ही घटनेचा पंधरावा भाग पाठ करताय असं धरा. कलम ३२४ निवडणूक आयोग, ३२५ मतदार यादी, ३२६ प्रौढ मताधिकार. ओठ हलत नसले तरी मनातल्या मनात तुम्ही हे पुटपुटत असता. क्रमाने लक्षात ठेवायची कुठलीही गोष्ट, मग ती कलमं असोत, सनावळी असो किंवा फोन नंबर, आपण थोडा वेळ अशीच घोळवून धरून ठेवतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांनी स्मृतीच्या या भागावर आयुष्यभर काम केलं. पियर सलामे यांच्याबरोबर १९८२ मध्ये आणि पुढे १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की नजरेसमोरचे आकडे क्रमाने लक्षात ठेवताना कानावर बोलणं किंवा गाणं पडलं, तर ते ऐकायचं नाही असं ठरवूनही चुका वाढतात. गायलेलं संगीत जास्त नडतं, नुसतं वाद्य कमी. एकाच पाटीवर दोघांनी एकाच वेळी लिहावं, तसं हे होतं. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. शब्द आत शिरतातच, आणि नेमके त्याच पाटीवर उमटतात.

इथे बहुतेक जण म्हणतात, "पण मला आवडणारी गाणी मी लावते, त्याने मूड चांगला राहतो." वेल्समधले संशोधक निक पेरम यांनी २०११ मध्ये हेच तपासलं. आवडीचं संगीत, नावडतं संगीत, बदलत जाणारं बोलणं, एकच आकडा पुन्हा पुन्हा म्हटलेला, आणि शांतता, अशा पाच परिस्थितींत लोकांना अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायला दिली. आवडतं असो की नावडतं, संगीताने सारखीच हानी केली. एकाच आकड्याचा घोष मात्र शांततेइतकाच निरुपद्रवी ठरला. पुढे २०१४ मध्ये त्यांनी उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं देण्याचा प्रयोग केला. तिथेही शब्द असलेली गाणी, आवडती असली तरी, शांततेपेक्षा वाईटच निघाली. सीसॅटचे, म्हणजे राज्यसेवा पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि कल चाचणीचे, उतारे सोडवताना गाणी लावणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

एकाच आकड्याचा घोष निरुपद्रवी, ही गोष्ट कामाची आहे. आवाज मोठा की लहान यापेक्षा तो बदलतो किती, यावर त्रास अवलंबून असतो. पंख्याची घरघर, पावसाचा एकसुरी आवाज, लांबच्या रस्त्याचा गुंजारव याकडे मेंदू काही मिनिटांत दुर्लक्ष करायला लागतो. याच हिशेबाने तानपुरा हा मला सगळ्यात सोयीचा 'आवाज' वाटतो. मोबाईलवर तानपुऱ्याची ॲप फुकट मिळतात. सा-पचा सूर लावून ठेवा, खोलीतली कुजबुज त्याखाली झाकली जाते आणि त्यात पुढे काय येणार याची उत्सुकता नसते. बंदिश सुरू झाली, तान आली, तबला आला, की मात्र तो आवाज बदलता झाला. शास्त्रीय संगीत म्हणजे अभ्यासाला चांगलं असा आपल्याकडे एक समज आहे. द्रुत तराणा लावून अर्थशास्त्र वाचून बघा.

कोरियन किंवा तमिळ गाणी लावणारेही भेटतात, "अर्थच कळत नाही मग काय बिघडतं?" असं म्हणणारे. अर्धं खरं आहे. वाचून आशय समजून घेताना कळणारी भाषा जास्त नडते, न कळणारी कमी. पण क्रमाने पाठ करायच्या कामात न कळणारी भाषासुद्धा तितकीच आड येते. १९७६ मध्ये या विषयावरचा जो पहिला गाजलेला प्रयोग झाला, त्यात इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कानावर जर्मन उतारा टाकला होता, आणि त्यांच्या चुका वाढल्या होत्या.

आता मोझार्ट, कारण तो निघाल्याशिवाय ही चर्चा संपत नाही. १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक पानभर मजकूर छापून आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन केंद्रात फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंची एक रचना १० मिनिटं ऐकवली. नंतर कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कोड्यांमध्ये त्यांचे गुण बुद्ध्यांकाच्या हिशेबाने ८-९ अंकांनी वर गेले. परिणाम टिकला १०-१५ मिनिटं. बाळांचा त्यात संबंध नव्हता, अभ्यासाचा नव्हता, 'बुद्धी वाढते' असं तर लिहिलेलंच नव्हतं. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीत पाठवण्यासाठी अंदाजपत्रकात १ लाख ५ हजार डॉलर मागितले. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या सीडी याच वाऱ्यावर खपल्या. ही माझी टिप्पणी आहे, पण पुण्यातली दुकानं मी पाहिली आहेत.

पुढचं संशोधन त्याहून रंजक आहे. टोरंटोचे ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मोझार्टऐवजी एक ध्वनिमुद्रित कथा ऐकवली. ज्यांना कथा जास्त आवडली त्यांचे गुण कथेनंतर वाढले, ज्यांना संगीत आवडलं त्यांचे संगीतानंतर. म्हणजे करामत मोझार्टची नव्हती. मन प्रसन्न झालं, अंगात थोडी तरतरी आली, की काही मिनिटं काम बरं होतं. यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट इतकीच की गाणं अभ्यासाच्या आधी ऐका. बसवत नाही म्हणता ना, मग दोन-तीन आवडती गाणी पूर्ण ऐका, जिना चढता-उतरता ऐका, गुणगुणा, आणि मग इअरफोन काढून बसा. तुम्हाला जी चालना हवी आहे ती मिळते आणि पाटीही कोरी राहते.

डेटा एन्ट्रीचं गणित वेगळं आहे. तेच ते काम करताना मेंदूचा मोठा भाग रिकामा असतो, आणि रिकाम्या मेंदूला कंटाळा येतो. कंटाळ्याने वेग मंदावतो, लक्ष भरकटतं. ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकात कारखान्यांतल्या एकसुरी कामावर अभ्यास झाला तेव्हा संगीताने उत्पादन थोडं वाढतं असं दिसलं. त्यावरूनच बीबीसीने युद्धाच्या काळात, २३ जून १९४० पासून, कामगारांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. त्यातली अक्कल बघण्यासारखी आहे. कार्यक्रम दिवसभर नव्हता, अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन भाग होते, एक सकाळच्या पाळीच्या मध्यावर आणि एक दुपारी, म्हणजे जेव्हा माणूस ढेपाळतो नेमकं तेव्हा. फार संथ चाली टाळत. एक लोकप्रिय गाणं तर बाद केलं होतं, कारण त्यात टाळ्यांची जागा होती आणि तिथे कामगार हातातली हत्यारं यंत्रावर आपटतील अशी भीती होती. अमेरिकेत ऑफिसांना तारेवरून संगीत पुरवणारी म्युझॅक कंपनीही पुढे १५ मिनिटं संगीत आणि १५ मिनिटं शांतता असा क्रम ठेवायची. सतत चालू राहिलेलं संगीत ऐकू येईनासं होतं, हे दोघांनाही कळलं होतं. तुम्हीही सकाळी पहिला तासभर काही लावू नका, कंटाळा यायला लागला की लावा, अर्ध्या तासाने बंद करा.

खरं तर आपल्या बायकांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. दळण हे मनाला काही न लागणारं आणि अंगाला पिळून काढणारं काम. हाताच्या फेऱ्याशी ओवीची लय जुळते, मन माहेरी जातं, दळण होतं. शेतात भलरी म्हणतात ती त्याच कारणाने. पण हिशेब करताना, माप मोजताना ओवी कुणी म्हणत नाही. बाजारात सोळा पायल्या मोजणारा मापाडी आकडा तेवढा मोठ्याने म्हणत राहतो. हा भेद त्या लोकांना न शिकता ठाऊक होता.

डेटा एन्ट्रीतही एक पोटभेद आहे. मराठी-इंग्रजी नावं बघून टंकायची असतील तर गाणी चालतील. पण दहा आकडी खाते क्रमांक डोळ्यांनी उचलून, क्षणभर मनात धरून टाकायचे असतील, तर ते पुन्हा पाटीचंच काम झालं. तिथे बिनशब्दांचं लावा. शिवाय फुकटच्या ॲपवर दर दोन-तीन गाण्यांनंतर जाहिरात येते, म्हणजे कुणीतरी कानात एकदम बोलायला लागतं. संगीताचा सगळा फायदा तिथे वजा होतो. गाणं बदलायला फोन उचलला की पुढे काय होतं ते मी सांगायला नको. गाणी आधी उतरवून घ्या आणि फोन हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा.

अंतर्मुख माणसांना पार्श्वसंगीत जास्त नडतं, बहिर्मुखांना कमी, असं लंडनच्या एड्रियन फर्नहॅम यांना १९९७ मध्ये आढळलं होतं. तुमच्यात आणि रूममेटमध्ये जे मतभेद आहेत त्यातला काही भाग असा स्वभावाचाही असेल. पण दुसरं एक कारण मला जास्त वजनदार वाटतं. गाणं तुमच्या ताब्यात आहे, तिच्या नाही.

१९७०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना मध्येच, अंदाज न येणाऱ्या वेळी मोठे आवाज ऐकवले. आवाज चालू असताना लोक काम बऱ्यापैकी निभावून नेत. नुकसान दिसलं ते आवाज थांबल्यावर: पुढचं अवघड कोडं ते लवकर सोडून देत, छापील मजकूर तपासताना चुका जास्त राहत. मात्र काही जणांना एक बटण दिलं होतं, फारच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी त्यांचं नंतरचं काम चांगलं झालं. थांबवता येईल एवढं माहीत असणं पुरेसं होतं. म्हणून खोलीत स्पीकरवर गाणी नकोत, आणि तुमच्या इअरफोनमधून बाहेर झिरपणारी 'टिकटिक' तिला ऐकू येते का, हेही एकदा तिला विचारा.

इथवर कानातल्या गाण्यांबद्दल झालं. माझ्या अनुभवात लोक गाण्यांच्या यादीवर तासभर वाद घालतात आणि ज्या खोलीत बसलेत तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. याचं कारण असं की खोलीने होणारं नुकसान जाणवत नाही.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये पी.एस. ९८ नावाची शाळा आहे. तिच्या एका बाजूच्या वर्गांना लागूनच उन्नत रेल्वेमार्ग, दर साडेचार मिनिटांनी गाडी. गाडी गेली की शिक्षक थांबत, मुलं थांबत, पुन्हा सुरू. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचनाचे गुण ताडून पाहिले. सहावीपर्यंत गोंगाटाच्या बाजूची मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळपास एक वर्ष मागे पडली होती. शाळा तीच, शिक्षक त्याच तोडीचे, वस्ती तीच. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली. १९८१ मध्ये ब्रॉन्झाफ्ट यांनी पुन्हा मोजलं तर दोन्ही बाजूंमधला फरक नाहीसा झाला होता. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला, तेव्हाही तसंच दिसलं: जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्याजवळच्यांचं घसरलं.

मोठ्या माणसांवरचा मला आवडणारा प्रयोग नैरोबीचा आहे. अर्थशास्त्रज्ञ जोशुआ डीन यांनी शिवणकामाच्या प्रशिक्षणात काही खोल्यांमध्ये मुद्दाम इंजिनाचा आवाज वाढवला. १० डेसिबल आवाज वाढला की उत्पादन साधारण ५ टक्क्यांनी घटलं. त्याहून बोलकी गोष्ट पुढची. शांत खोलीसाठी किती पैसे सोडाल असं विचारलं, तर नगावर मजुरी मिळणाऱ्यांनीही जास्त पैसे देऊ केले नाहीत. आपली कमाई या आवाजाने कमी होतेय, हे त्यांना जाणवतच नव्हतं. गाणी लावून बसणाऱ्यांचं "मला तर गाण्यांनी काही फरक पडत नाही" हे वाक्य मी याच खात्यात टाकते.

आता उकाडा. अभ्यासिका बघायला गेले की मी पहिल्यांदा छताकडे बघते. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ३८-४० पर्यंत जातो. तेव्हा दुपारी पत्रा इतका तापतो की त्याची धग थेट डोक्यावर पडते, आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलत राहतो. जिसुंग पार्क यांनी न्यूयॉर्कच्या शाळांतल्या लाखो उत्तरपत्रिकांचे गुण त्या त्या दिवसाच्या तापमानाशी ताडून पाहिले. ३२ अंशांच्या आसपासच्या दिवशी परीक्षा दिली तर २४ अंशांच्या दिवसापेक्षा गुण स्पष्टपणे कमी पडत होते. ३२ अंश म्हणजे आपल्याकडे मार्चमधली बरी दुपार! अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात, ज्यात एक कोटी विद्यार्थी होते, शाळेचं वर्ष जितकं जास्त तापलं तितकं शिकणं घटलं, आणि ज्या शाळांत एसी होता तिथे हा परिणाम जवळजवळ पुसला गेला. उष्णतेचा परिणाम फक्त परीक्षेच्या तीन तासांवर होत नाही, वर्षभर साचत जातो.

आपल्या जवळचं उदाहरण बंगळुरूचं. तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांनी वीज वाचवायला जुने दिवे काढून एलईडी बसवले. अच्युत अध्वर्यू आणि सहकाऱ्यांनी उत्पादनाचे आकडे पाहिले तेव्हा लक्षात आलं की गरम दिवसांत उत्पादन सुधारलं आहे. एलईडी कमी तापतात, शिवणाऱ्यांच्या डोक्यावरची उष्णता थोडी कमी झाली, तेवढ्यानेही फरक पडला. मालकांनी ते यासाठी केलंच नव्हतं. म्हणून म्हणते, पत्र्याच्या अभ्यासिकेत वाचलेले पैसे तुम्ही दुपारच्या तासांनी फेडाल. तीच घ्यावी लागली तर मालकाकडे पत्र्याला बाहेरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग आणि आतून फॉल्स सीलिंग मागा. जून ते फेब्रुवारी एवढ्यापुरतीच घेतली तरी चालेल.

एसीच्या अभ्यासिकेची अडचण वेगळी. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून मालक खिडक्या बंद ठेवतो, आणि एका खोलीत पन्नास-साठ पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत श्वास घेत असतात. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत ४२० भागांच्या आसपास असतं. अशा खोल्यांत ते सहज २,००० च्या वर जातं. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्रयोगात १,००० आणि २,५०० वर निर्णयक्षमता घसरलेली दिसली. नंतरच्या काही प्रयोगांत शुद्ध कार्बन डायऑक्साइडने तसं काही झालं नाही, पण माणसांच्या उच्छ्वासाने आणि घामाने कोंदलेल्या हवेने झालं. दोष कुणाचाही ठरो, उपाय तोच आहे: बाहेरची हवा. एक्झॉस्ट पंखा आहे का, तो चालू असतो का, दुपारच्या सुट्टीत खिडक्या उघडतात का, हे बघा. बघायला सकाळी नऊला जाऊ नका, दुपारी चारला जा. दार उघडल्याबरोबर नाकाला जे कळतं ते पुरेसं आहे. पाच मिनिटांनी नाकही सरावतं.

दुपारचा विषय निघालाच आहे तर झोपेचंही सांगते. चेन्नईत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात तुमच्यासारखंच डेटा एन्ट्रीचं काम करणारी साडेचारशे माणसं होती. रात्री आठ तास पडून राहूनही त्यांची झोप साडेपाच तासांची होती, कारण घरी उकाडा, डास, आवाज. त्यांची रात्रीची झोप साधारण अर्ध्या तासाने वाढवली, कामावर काही परिणाम दिसला नाही. पण कामाच्या ठिकाणी शांत जागेत दुपारची छोटी डुलकी घेऊ दिली, तर काम, लक्ष आणि मन:स्थिती तिन्ही सुधारली. कामाचा वेळ तेवढा कमी झाला, हेही खरं. कॉट बेसिसच्या खोल्यांमधली रात्र मला माहीत आहे. दुपारी जेवून आल्यावर टेबलावर डोकं ठेवून झोपणाऱ्यांना हाकलून देणारी अभ्यासिका मी तरी निवडणार नाही.

जागा निवडताना दार, जिना आणि पाण्याचा पिंप यांच्यापासून लांब बसा. जिन्यात उभं राहून फोनवर बोलणारा सगळ्यात वाईट. कॉर्नेल विद्यापीठात २०१० मध्ये दाखवलं होतं की दोघांचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर जितकं लक्ष उडतं, त्याहून जास्त फोनवरचं एकतर्फी बोलणं ऐकून उडतं. पलीकडचा काय म्हणाला असेल हे मेंदू भरत बसतो. यावर महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचा विचार असेल तर थांबा. ते पंख्याची, एसीची सलग घरघर छान घालवतात, माणसांचे आवाज तितके नाही. उलट घरघर गेल्यावर बोलणं आणखी स्पष्ट ऐकू येतं. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग नीट पिळून, आत सरकवून बसवले तर बोलण्यावर त्यांचा उपयोग जास्त होतो, आणि त्यावर हवं तर तानपुरा. गोंगाटावर मात करायला गाण्याचा आवाज वाढवत नेणं मात्र कानाच्या मुळावर येतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि दिवसभर इअरफोन लावणारे त्या तासांच्या कधीच पलीकडे गेलेले असतात.

जुलैपासून गणपतीपर्यंत नदीकाठी ढोल-ताशांचे सराव चालतात. त्याला इअरप्लगही पुरत नाही, कारण ढोलाचा खालचा नाद भिंतीतून आणि हाडांतून येतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. सरावाची वेळ ठरलेली असते. त्या दोन तासांत नकाशे भरा, आकृत्या काढा, कात्रणं लावा, जेवून घ्या, नदीच्या विरुद्ध दिशेला फिरून या. पाठांतर पहाटे.

दिवा आणि खुर्चीवर फार लिहीत नाही. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून यावा, पाठीमागच्या ट्यूबने वहीवर स्वतःचीच सावली पडू नये, आणि पाय जमिनीला टेकावेत.

जागेबद्दल एक शंका हमखास येते: ठरलेल्या जागीच वाचलं तर परीक्षेच्या हॉलमध्ये आठवेल का? १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांवर झालेला प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले म्हणून. २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसं दिसलं नाही, त्यामुळे त्याच्यावर मी फार भार टाकत नाही. पण एकच यादी दोन वेगळ्या खोल्यांत वाचणाऱ्यांना ती तिसऱ्या खोलीत जास्त आठवली, हा १९७८चा निष्कर्ष व्यवहारात उपयोगी आहे. उजळणी कधी अभ्यासिकेत, कधी खोलीवर, कधी ग्रंथालयात करा. सराव परीक्षा मात्र नेहमी पूर्ण शांततेत, लाकडी बाकावर, घड्याळ लावून. आयोगाच्या हॉलमध्ये इअरफोन नसतो. गाण्याशिवाय बसवत नाही ही सवय असेल तर ती तिथेच उघडी पडेल.

शेवटी तुमचा आणि रूममेटचा वाद. माझ्या शब्दावर तो मिटवू नका, मोजा. सीसॅटचे एकाच काठिण्याचे उतारे घ्या. रोज सकाळी नाणं उडवा, छापा आला तर गाण्यांसह, काटा आला तर शांततेत, प्रत्येक दिवशी तेवढेच उतारे आणि तेवढाच वेळ. तीन आठवडे. वहीत फक्त बरोबर उत्तरांची संख्या लिहा, 'आज छान वाटलं' असलं काही नको. पाठांतराची चाचणी त्याच दिवशी न घेता दुसऱ्या दिवशी घ्या, कारण लगेच विचारलं तर सगळंच आठवतं. डेटा एन्ट्रीसाठीही हेच करा, फक्त वेगाबरोबर चुकाही मोजा, गाण्याच्या लयीत वेग वाढतो आणि चुकाही तशाच वाढू शकतात. वह्या रूममेटकडे तपासायला द्या, पण कोणता दिवस गाण्यांचा होता ते तिला सांगू नका. फरक पडला नाही असं निघालं तर गाणी ठेवा, आणि तिलाही ती वही दाखवा.